मधल्या बोलीचा चढाईपटू

प्रो कबड्डी लीगचा लिलाव घरोघरी पाहिला जाऊ लागल्यापासून आमच्या विद्यार्थ्यांच्या संभाषणात एका नव्या शास्त्राचा प्रवेश झाला आहे. गणिताच्या तासाला ज्यांना शेकडेवारीची रीत आठवत नाही, त्यांना कोणता गडी कोणत्या संघाने किती लाखांस घेतला हे तोंडपाठ असते. या शास्त्राचा एक सिद्धान्त मधल्या सुटीत वारंवार कानी येतो, तो असा: कोटीचा गडी फसतो, अगदी स्वस्तातला गडी कच्चा निघतो; परंतु मधल्या बोलीने घेतलेला चढाईपटू हमखास नाव काढतो. सिद्धान्त आकर्षक आहे. त्यात श्रीमंताची थोडी फजिती आहे व गरिबाला थोडी आशा आहे, म्हणून तो खरा असावा असे आपणा सर्वांस वाटते. नेमक्या याच कारणास्तव तो तपासून घेणे अवश्य आहे. कारण या सिद्धान्ताच्या भरवशावर आपल्या गावातील दोनचार मुले दरसाल शाळा सोडण्याचा विचार करू लागली आहेत, आणि त्यांचे वडीलही त्या विचारास मान डोलावू लागले आहेत.

ज्या पालकांनी हा लिलाव पाहिला नसेल त्यांच्याकरिता थोडा खुलासा करतो. सन २०१४ मध्ये आठ संघांनिशी ही लीग सुरू झाली. २०१७ पासून संघ बारा झाले. महाराष्ट्राचे संघ दोन, यू मुंबा व पुणेरी पलटण. खेळाडूंचे चार वर्ग पाडलेले असतात, व अलीकडील लिलावांत त्यांची प्रारंभीची बोली अनुक्रमे तीस, वीस, तेरा व नऊ लाख रुपये अशी ठेवलेली होती. प्रत्येक संघाला एकंदर पाच कोटींच्या आसपास रकमेत आपला सारा संसार उभा करावयाचा असतो. एका गड्यावर दोन कोटी उधळले की उरलेल्यांकरिता हात आखडावा लागतो. ज्या होतकरू मुलांचे नाव अद्याप झालेले नाही, त्यांना लिलावाबाहेर, निवड चाचणीतून, नवे युवा खेळाडू म्हणून संघात घेण्याची तरतूदही आहे. मधली बोली म्हणजे साधारणतः वीस लाखांपासून पन्नास-साठ लाखांपर्यंतची, असे धरून आपण पुढे जाऊ.

आता मुलांच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रथम प्रांजळपणे बोलले पाहिजे, आणि ते थोडे नाही. सन २०१८ च्या लिलावात कोटीचा उंबरठा प्रथमच ओलांडला गेला. सहा गडी कोटी व त्याहून अधिक रकमेस गेले. मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख दिले. आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांस उत्तर प्रदेशच्या संघात गेला. त्याच लिलावात पवन सेहरावत नावाचा एक तरुण ५२ लाख ८० हजारांस बंगळूरच्या संघाने घेतला, व कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांस यू मुंबाकडे आला. पुढे काय घडले ते सर्वविदित आहे. पवनने त्या हंगामात चढाईचे २७१ गुण मिळवले, व ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईस झालेल्या अंतिम सामन्यात एकट्याने बावीस गुण घेऊन बंगळूरला विजेतेपद मिळवून दिले. सिद्धार्थने आपल्या पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण केले. आणि ज्या हरियाणाने सर्वांत मोठी थैली रिकामी केली होती, तो संघ आपल्या गटात तळाशी राहिला. एवढे पाहिल्यावर कोणाही मुलाच्या मनात वरील सिद्धान्त ठसावा यात नवल ते काय!

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. यश मिळाले की मधल्या बोलीचा गडी मधल्या बोलीचा राहत नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सिद्धार्थ देसाईला तेलुगु टायटन्सने १ कोटी ४५ लाखांस घेतले. त्या लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. मुलगा तोच, पाय तेच, दमही तोच. त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले. तथापि संघ बारांत अकरावा आला. त्यानंतरच्या हंगामात तीनच सामने खेळून दुखापतीमुळे त्याला बाहेर बसावे लागले. पवनची कथाही अशीच आहे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा सारा हंगाम वाया गेला. पुढील वर्षी तेलुगु टायटन्सने त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले व संघ सर्वांत शेवटी राहिला. मग पवन हा मधल्या बोलीचा यशस्वी गडी समजावा की महागड्या बोलीचा अयशस्वी? दोन्ही प्रश्न व्यर्थ आहेत. बोली बदलली, म्हणून तिच्याखालचा माणूस बदलला नव्हता.

तेव्हा ही बोली मोजते तरी काय? आमच्या सोनगीरचे तांब्यापितळेचे काम पूर्वीपासून नावाजलेले आहे. तांबटाच्या दुकानात हंडा वजनावर विकला जातो, आणि घेणारा त्याला बोटांनी वाजवून पाहतो. चीर असेल तर ती तेथल्या तेथे आवाजावरून कळते. धुळ्याच्या बाजार समितीत धान्याचा लिलाव होतो तेव्हाही माल समोर असतो. मूठ भरून पाहता येते, दाणा दाताखाली घेता येतो. खेळाडूचा लिलाव तसा नव्हे. तो उभ्या पिकाचा सौदा आहे. गव्हाचे शेत आज हिरवेगार आहे, म्हणून व्यापारी भाव ठरवतो. मध्यंतरी गारपीट होईल, तांबेरा पडेल, हे त्यालाही ठाऊक नसते आणि शेतकऱ्यालाही. आमच्या खानदेशातील पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय भाव केवळ पिकावर ठरत नाही. त्या दिवशी किती व्यापारी आले, कोणाची गाडी रिकामी उभी आहे, यावरही तो ठरतो. दोन संघांना डाव्या बाजूने चढाई करणारा गडी हवा असेल आणि यादीत तसा एकच उरला असेल, तर त्याचा भाव दुप्पट होतो. त्या वाढलेल्या भावात त्याच्या अंगच्या गुणाचा वाटा किती व त्यांच्या अडचणीचा किती, हे कोण सांगणार?

मोनू गोयतच्या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे, व तो कबड्डी खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१७ मध्ये तो पाटण्याच्या संघात होता. त्या संघाचा मुख्य चढाईपटू परदीप नरवाल. त्याने त्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. समोरच्या सात गड्यांचे चौदा डोळे परदीपवर खिळलेले असत. त्याची ती सुप्रसिद्ध डुबकी कशी अडवावी याच विवंचनेत बचावफळी असे. अशा वेळी दुसरा चढाईपटू म्हणून आत शिरणाऱ्याला जी मोकळीक मिळते ती हिशेबात कोठेही लिहिली जात नाही. लिहिले जातात ते गुण. हरियाणाने ते गुण विकत घेतले, परंतु परदीपची सावली त्यांना विकत घेता आली नाही. मोनू तेथे वाईट खेळला असे मुळीच नव्हे. मात्र आता चौदा डोळे त्याच्यावर होते.

कोणी म्हणेल, हा सारा दोष लिलावाचा. त्यात चढाईपटूचाच प्रश्न वेगळा काढण्याचे कारण काय? कारण आहे. चढाई हे कबड्डीतील सर्वांत एकाकी काम होय. तीस सेकंद, एक श्वास, आणि समोर सात जण. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत फिरता येत नाही. लागोपाठ दोन चढाया रित्या गेल्या की तिसरीत गुण आणा अथवा बाद व्हा. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला की संपूर्ण शरीराचा भार एका गुडघ्यावर येतो, व वर मधले दोघे येऊन आदळतात. असा प्रसंग एका सामन्यात एकदा नव्हे, दहा-बारा वेळा येतो. पकडीचा गडी अनुभवाने मुरत जातो. चढाईपटूचे भांडवल पायात असते, आणि त्या भांडवलाची झीज प्रत्येक चढाईबरोबर होते. २०१८ मध्ये लिलावाबाहेरून, नवा युवा खेळाडू म्हणून दिल्लीच्या संघात आलेला नवीन कुमार पुढच्याच वर्षी चढाईचे तीनशे गुण ओलांडून गेला. तो चमकला, सर्वोत्तम ठरला, परंतु २०२३ मध्ये हंगामाच्या आरंभीच गुडघ्याने त्यालाही बसवले. म्हणून चढाईपटूच्या बाबतीत ताज्या पायाचा स्वस्त गडी व नावाजलेला महागडा गडी यांतील अंतर इतरांहून कमी असते. मुलांच्या सिद्धान्तात सत्याचा जो अंश आहे तो एवढाच. अंतर कमी असते हे खरे; हमखास यश असते हे मात्र खरे नव्हे.

‘हमखास’ या शब्दाचा थोडा हिशेब मांडू. संघ बारा. प्रत्येकात अठरा ते पंचवीस गडी. म्हणजे सर्व मिळून दोनशे सोळा ते तीनशे. मैदानावर एका संघाचे सात. त्यांत ज्यांच्यावर चढाईचा खरा भार असतो असे फार तर तीन. बारा त्रिक छत्तीस. साऱ्या भारतात त्या हंगामापुरते छत्तीस! या छत्तिसांत कोटीवाले आहेत, कायम ठेवलेले जुने आहेत, लिलावाबाहेरून आलेले आहेत. उरलेल्या जागांवर मधल्या बोलीच्या गड्यांनी परस्परांशी झगडावयाचे. बाकीचे बाकावर बसतात, एखाददुसऱ्या सामन्यात दोन चढाया करतात, आणि पुढच्या लिलावात त्यांच्या नावाला कोणी हात वर करीत नाही. आपण त्यांची नावे सांगू शकत नाही, यातच सारे आले. पवन आणि सिद्धार्थ आपल्या जिभेवर आहेत, कारण ते यशस्वी झाले. जे झाले नाहीत त्यांची यादी कोणत्याही मुलाच्या वहीत नाही. परीक्षेच्या निकालात केवळ पहिल्या वर्गाची नावे फळ्यावर लिहिली तर आमच्या शाळेत कोणी नापास होतच नाही असा पाहुण्यांचा समज होईल. येथेही तीच गफलत आहे. खुद्द पवन २०१७ मध्ये गुजरातच्या संघात होता, व तेथे त्याच्या वाट्याला जेमतेम चढाया आल्या. त्या वर्षी कोणी विचारले असते, तर हाच गडी फसलेल्यांच्या खात्यात जमा झाला असता.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात हाताने चेंडू धरून, बगलेत घेऊन, समोरच्या भिंतीसारख्या गड्यांतून घुसणारा एक धावपटू असतो. त्याची जात आपल्या चढाईपटूचीच. तिकडे लिलाव नसतो. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत मागे राहिला तो सर्वांत आधी निवड करतो, व अशा सात फेऱ्या होतात. तेथेही हाच वाद चालतो, की मधल्या फेऱ्यांत निवडलेले धावपटू हमखास निपजतात काय? टेरेल डेव्हिस नावाचा गडी १९९५ मध्ये सहाव्या फेरीत, एकशे शहाण्णवावा निवडला गेला. १९९८ च्या हंगामात त्याने दोन हजार यार्डांहून अधिक धाव घेतली, आणि २०१७ मध्ये त्या खेळाच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. फ्रँक गोर २००५ मध्ये तिसऱ्या फेरीतला. तो सोळा वर्षे टिकला. उलट ट्रेंट रिचर्डसन २०१२ मध्ये सबंध देशात तिसरा निवडला गेला, व पुढच्याच वर्षी त्याच्या संघाने त्याला दुसऱ्याच्या हवाली केले. या गोष्टी ऐकून मुले टाळ्या वाजवतील. परंतु तेथेही सरासरी पाहता वरच्या फेरीतले अधिक टिकतात, खालच्या फेऱ्यांतले बहुतेक विस्मृतीत जातात. आणि डेव्हिसचे काय झाले? १९९९ मध्ये गुडघा गेला, आणि तिशीच्या आत त्याचा खेळ आटोपला. देश बदलला तरी गुडघा तोच.

मग संघांनी करावे काय? माझ्या मते या प्रश्नाला पुणेरी पलटणने जे उत्तर दिले ते आजवरचे सर्वांत समंजस उत्तर आहे. २०२३ च्या लिलावात त्यांनी मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख, इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर घातली; तो मुख्यतः पकडीचा गडी. चढाईचा भार त्यांनी ज्यांच्यावर टाकला ते घरचे वाढवलेले तरुण होते: नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार, मोहित गोयत, मुंबईचा पंकज मोहिते, नाशिककडचा आकाश शिंदे. अस्लम २०२१ च्या हंगामात नवा युवा खेळाडू म्हणून त्यांच्याकडे आला होता. त्यांनी त्याला खेळवला, चुकू दिला, पुन्हा खेळवला, आणि कर्णधार केला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हरियाणाला २८ विरुद्ध २५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचाच गौरव झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम व आकाश हे दोघेही होते. येथे एक गोष्ट ध्यानात येते. या मुलांचे भाग्य बोलीने ठरले नाही. त्यांच्याभोवती भक्कम पकड उभी होती, एकावर दिवस वाईट गेला तर दुसरा उभा होता, आणि शिकवणारा एकाच वर्षात निकाल मागत नव्हता. हेच मुलगे दुसऱ्या एखाद्या घाईच्या संघात पडते तर आज बाकावरच्या अनामिकांत असते, असे मी तरी धाडसाने म्हणेन.

आता आपल्या अंगणातला प्रश्न. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी एखादा तरी म्हणतो, “सर, पोऱ्याचे पाय चांगले आहेत, दहावीनंतर शाळेत ठेवून काय करू? अकॅडमीत घातला तर मधल्या भावाने तरी जाईल.” त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. वीस लाख ही रक्कम कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या माणसाला लहान वाटावी असे कोण म्हणेल? परंतु ती दरसालची नव्हे, त्या हंगामाची. आणि ती मिळण्याआधी जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढाव्या लागतात, ज्यांतल्या प्रत्येक पायरीवर एखादा घोटा मुरगळलेला असतो. ही लीग निघण्यापूर्वी महाराष्ट्रातील चढाईपटू काय करीत? रेल्वे, बँका, पोलीस, एअर इंडिया यांच्या संघांतून खेळत, आणि खेळ संपल्यावर त्याच कचेरीत निवृत्तीपर्यंत चाकरी करीत. बुवा साळवी यांच्यासारख्या ज्या माणसांनी ‘हुतूतू’च्या या खेळाला नियमांत बसवून देशभर नेले, आणि ज्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतो, त्यांच्या काळी खेळाडूची बोली लागत नसे, नोकरी लागत असे.

ती वाट बंद झालेली नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंकरिता पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत विहित पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण आहेत. परंतु राखीव जागेसाठी नुसते क्रीडा प्रमाणपत्र पुरत नाही. त्या पदाला लागणारी शैक्षणिक पात्रताही हवी. ज्या मुलाने दहावीनंतर पुस्तक मिटले, त्याचे राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र पदवी मागणाऱ्या जागेच्या दारातून परत येते. मुलाला खेळवू नका असे सांगण्याचा माझा हेतू नाही. संध्याकाळी मैदानावर त्याला अवश्य पाठवा, निवड चाचणीला भाडे देऊन पाठवा, हरला तर रागावू नका. सकाळी मात्र त्याला आमच्याकडे पाठवा. दुखापत झाली तर मैदान काही महिने बंद होते. वर्ग तेव्हाही उघडा असतो.

क्रीडाशिक्षकांनाही, आम्ही सर्वजण एकाच अध्यापक-कक्षात बसतो म्हणून, दोन शब्द बोलतो. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना पहिल्या दोन चढाईपटूंची नावे आपण डोळे मिटून लिहितो, आणि तिसरा-चौथा मुलगा पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. त्या मधल्या मुलाला सरावात किती चढाया मिळतात? आठवड्यात पहिल्याला साठ आणि त्याला सहा मिळत असतील, तर वर्षअखेर पहिला पुढे गेला यात परीक्षा कसली झाली? तिसरी, निर्णायक चढाई सरावात तरी आळीपाळीने सर्वांना द्यावी. पलटणच्या बाकावरून अस्लम उठला तो त्याला उठवले म्हणून.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या सिद्धान्ताला माझा विरोध असला तरी तो नुसत्या वादाने खोडण्याची माझी इच्छा नाही. पुढचा लिलाव होईल त्या दिवशी एक वही घाला. वीस ते साठ लाखांत गेलेल्या प्रत्येक चढाईपटूचे नाव तीत लिहा; जे आवडतात त्यांचेच नव्हे, सर्वांचे. हंगाम संपल्यावर ज्यांची नावे विसरलात त्यांच्यासमोरही आकडे भरा, आणि ती वही तीन वर्षे चालवा. नववीतल्या मुलांनी आरंभ केला तर अकरावीत गेलेली मुले ती पुढच्या वर्गाच्या हाती देऊ शकतील. रकाने चार पुरेत: नाव, बोली, खेळलेले सामने, चढाईचे गुण. पाचवा हवा असल्यास दुखापतीचा ठेवावा. शेकडेवारी कशी काढावयाची ती मी दाखवीन.